स्क्रूतलं कुंकू

आमच्या उत्तरेश्वर पेठेत संयोगिताला वळखत न्हाय असं माणूस शोधून सापडायचं न्हाय. रस्त्याला लागूनच घर, आन् म्होरच्या खोलीत दुकान. दुकान म्हंजे काय, दोन लोखंडी कपाटं, एक टेबल, आन् भितीला तिच्या वडलांचा फोटू. कपाटात बल्ब लावलेला, सगळा पावसाळाभर जळतोय. नवीन गिऱ्हाईक आलं की इचारतंय, "काय वैनी, आत कोंबडीची पिल्लं ठेवलीत काय?" पिल्लं न्हाईत बाबा, क्यामेरं हाईत. जुनं, रीळ घालायचं. आपल्या कोल्हापूरच्या पावसात वल धरली की भिंगाला आतनं बुरशी येती, कोळ्याच्या जाळ्यागत. म्हणून त्यास्नी ऊब.

आता तू म्हणशील, आज्जी, मोबाईल असताना रिळाचं क्यामेरं घेतंय कोण? मलाबी असंच वाटलतं. पण घेत्यात की! तुझ्याच वयाची, कालिजातली पोरं. म्हणत्यात, मोबाईलवर हजार फोटू काढतो आन् एकबी बघत न्हाय. रिळात मोजकंच असत्यात, मग बोट दाबायच्या आधी माणूस इचार करतंय. पटलं बग मला. साखर स्वस्त झाल्यापासनं च्याची चव गेली, तसंच हे.

संयोगिता ह्या धंद्यात पडली ती वडलांमुळं. वडील गणपतराव, जयसिंगपुरात त्यांचा इस्टुडिओ हुता. लगीन, बारसं, शाळंचा ग्रुप फोटू, सगळं त्यांच्याकडं. पोरगी गुडघ्याएवढी असल्यापासनं त्यांच्या मागं मागं. त्ये तिला डोळं मिटाय लावायचं आन् क्यामेऱ्याचा खटका दाबायचं. "ऐक. एका सेकंदाचा खटका म्हंजे तोंडात 'दत्तगुरू' म्हणून झालं पायजे. आधी मिटला तर खोटा, मागनं मिटला तर आजारी." पोरगी दत्तगुरू दत्तगुरू करत शिकली. बाप गेला, इस्टुडिओ मोडला, पण कान ऱ्हायला.

जुना क्यामेरा घ्यायचा म्हंजे म्हैस घेतल्यागत हाय. बाजारात चकचकीत, शिंगाला त्याल लावलेली म्हैस उभी केली की भुलायचं न्हाय. संयोगिता तसंच बघायची. लई चकाकणारा क्यामेरा तिला आवडायचा न्हाय. त्यो कपाटात पडून ऱ्हायलेला, आतनं आखडलेला. त्यापरास कडांचा काळा रंग झिजून पितळ दिसतंय त्यो बरा, त्यो रोज कामाला गेलेला. पाठीमागचं झाकण उघडायचं, आतला काळा स्पंज बोटाला चिकटतोय का बघायचं. सेल घालायच्या खोबणीत हिरवं काय धरलंय का बघायचं. भिंगातनं बॅटरी मारायची. मग डोळं मिटून खटका. आन् सगळं पास झालं तरी शेवटाला एक रीळ घालून फोटू काढायचं, धुऊन बघायचं. ह्याला ती 'धार काढणं' म्हणायची. गंगावेशीत आपण म्हशीच्या कासंखाली पेला धरून उभं ऱ्हातोय न्हवं? डोळ्यांदेखत धार पडली तरच खरं. तसं.

पण तिची एक खूण मातर दुसऱ्या कुणाजवळ नव्हती. ती हुती कुंकवाची.

आपल्याकडं खंडेनवमीला हत्यारं पुजत्यात. सुताराचा रंधा, शिंप्याची मिशीन, डायवरची गाडी. तसा फोटूवाला क्यामेरा पुजतोय. पाटावर ठेवायचा, झेंडूची माळ घालायची, कपाळावर हळद-कुंकू लावायचं. आता क्यामेऱ्याचं कपाळ म्हंजे वरचा टोपा, आन् टोप्याला बारकं बारकं स्क्रू. दर सालाला थोडं थोडं कुंकू त्या स्क्रूच्या खाचंत जातंय. हाताचा घाम लागून, त्याल लागून त्ये काळं कट्ट हुतंय, दगडागत. आता कुणी त्यो क्यामेरा खोलायचा म्हटला तर डिसमिस त्या खाचंतच घालाय लागणार, न्हवं का? घातला की कुंकू निघालं! म्हणून संयोगिता आधी स्क्रू बघायची. खाचंत जुनं कुंकू हाय म्हंजे क्यामेरा कुणी खोललेला न्हाय, पाण्यात बुडलेला न्हाय, आन् शेवटपतूर मालकानं पुजलेला हाय. पुण्या-मुंबईच्या दुकानदारांस्नी काय ठाऊक ही खूण! ती म्हणायची, "माझा सही-शिक्का बाहेरनं येत न्हाय, देव्हाऱ्यातनं येतोय."

आन् ह्या खुणंनंच तिचा घात केला.

झालं असं, एकोणीस सालच्या महापुरात शिरोळ तालुक्यातली घरं पाण्यात बसलती. त्या घरांतलं किती क्यामेरं गाळात गेलं, कुणी मोजलं? मागनं भंगारवाल्यांनी त्ये गोळा केलं, उघडलं, पुसलं, परत मिटलं. असाच एक क्यामेरा गेल्या दिवाळीच्या आधी एका भंगारवाल्यानं संयोगिताकडं आणला. खाचंत कुंकू हुतं, भंगारवाल्यानंच मागनं भरलेलं, पण त्ये तिला लई उशिरा कळलं. खटका ठणठणीत हुता. लगीनसराईचा माल म्हणून घाई हुती, तर तिनं धार काढली न्हाय. कुंकू बघितलं आन् घेतला, पुण्याच्या एका पोराला दिला. त्या पोरानं भनीच्या लग्नात त्यो नेला. अक्षता पडायच्या टायमाला क्यामेरा जो आखडला त्यो आखडलाच. खोलून बघितलं तर आत वाळलेला गाळ, नागपंचमीला वारुळाची आणत्यात त्या मातीगत भुसभुशीत.

पोरानं पैसं मागितलं न्हाईत. मागितलं असतं तर दिऊन मोकळी झाली असती. त्यानं मोबाईलवर सगळ्या जगाला लिवून टाकलं, कोल्हापूरची बाई महापुराचा माल कुंकू लावून खपवती.

त्या दिवसापासनं तिचा फोन वाजायचा बंद झाला. धाकला दीर पृथ्वीराज, त्याचा त्या म्होरच्या खोलीवर आधीपासनं डोळा. त्याला मोबाईलची कव्हरं आन् काचा बसवायचं दुकान काढायचं हुतं. तसं पोरगं वाईट न्हाय, पण तोंडाला कुलूप न्हाय.

"वैनी, कपाटातला बल्ब बंद करा की. क्यामेरं उबून बाहेर यायचं न्हाईत आता."

"यितील भावजी. तुमचं लगीन ठरतंय का बघा आधी, फोटू मीच काढतो."

"त्याच क्यामेऱ्यानं? मग नवरी दिसायची न्हाय, नुसता गाळच!"

घरातली सगळी हसली. तीबी हसली. पण आत जाऊन पदरानं तोंड पुसलं तिनं. नवऱ्यानं शेवटी सांगितलं, "दसऱ्यापतूर बघूया. न्हाय जमलं तर खोली पृथ्वीराजला." तर गोष्ट अशी हुती बघ. दुकान जायाचं तिला दुःख हुतं, पण त्यापरास जास्त हे, की जाताना खोटारडी म्हणून जायाचं. भितीवर बापाचा फोटू, त्याच्याम्होरं.

अशात एक दिवस अक्षता नावाचं गिऱ्हाईक आलं. राजारामपुरीतली पोरगी, पुण्यात नोकरीला. चप्पल काढून आत आली, आन् बसायच्या आधी म्हणाली, "ताई, तुमच्याविषयी जे लिवलंय त्ये वाचून आलोय मी."

संयोगिताचा हात कपाटाच्या कडीवरच ऱ्हायला. "मग कशाला आलीस?"

"गावातलीच हायसा म्हणून. मला मामाच्या गावाकडची माणसं रिळावर धरायची हाईत. थकल्यात सगळी. दोनदा जायला मिळायचं न्हाय. एकच सांगतो, पाण्यातला क्यामेरा मला देऊ नका."

"न्हाय देणार," संयोगिता म्हणाली. "चार दिवस थांब. हुडकून देतो."

पोरगी गेली. संयोगिताला कळून चुकलं, ही शेवटची संधी. हिबी बोंबलली तर कपाटं भावजींच्या कव्हरांस्नी मोकळी.

आन् दैव बघ कसं, दुसऱ्याच दिवशी नृसिंहवाडीसनं फोन. पिराजी फोटूवाला. गणपतरावांच्या बरोबरीचा माणूस. वाडीत देवळाच्या वाटंवर त्याचं दुकान, यात्रेकरूंचं फोटू काढायचा, मागं घाट आन् पाणी दिसंल असं. म्हणाला, "गणपाची पोरगी न्हवं का तू? मोतीबिंदू झालाय मला. क्यामेरा तुज्या हातात द्यायचा हाय. यिऊन जा."

संयोगिता वाडीच्या यष्टीत बसली. वाटंत मनात दोन मनं. एक म्हणत हुतं, काकांचा क्यामेरा म्हंजे डोळं झाकून घ्यावा. दुसरं म्हणत हुतं, वाडी म्हंजे पाणी. वाडीत पुरात न बुडालेलं काय हाय? पण पिराजीकाका शाणा माणूस, पाणी चढायच्या आधी क्यामेरा काखंत मारून गेला असंल.

पिराजीचं घर बारकं. सोप्यात चटई, वर पंखा घरघर करणारा. चिमणाबाई, म्हंजे पिराजीची बायको, तिनं पाणी दिलं, वर कवठाची बर्फी ठेवली. "खा. तुझ्या बाला लई आवडायची. मागून खायचा, आन् वर म्हणायचा मी गोड खात न्हाय."

पिराजीनं पेटीतनं क्यामेरा काढला. फडक्यात गुंडाळलेला. संयोगितानं हातात घेतला आन् तिला बरं वाटलं. वजनदार, कडा झिजून पितळ दिसणारा. कामाचा क्यामेरा. झाकण उघडलं, स्पंज नवीन बसवलेला. भिंग लख्ख. डोळं मिटून खटका दाबला, उजेडातला खटका टाळी वाजवल्यागत. टोप्याच्या स्क्रूंत कुंकू. तिचा जीव भांड्यात पडला.

मग तिनं क्यामेरा उलटा केला.

तळाच्या स्क्रूंतबी कुंकू हुतं.

अगं, पाटावर ठेवून पुजतोय आपण! कुंकू पडतंय त्ये वरनं. तळाला कुणी कुंकू लावंल का? तळ पाटाला टेकलेला असतोय. तिनं क्यामेरा दारापाशी उजेडात नेला, नखानं खरवडलं. काळं कट्ट न्हाय. लाल, मोकळं. चार-पाच वर्षांपल्याडचं न्हाय. म्हंजे खोललेला. आन् खोलून, वर कुणीतरी काडीनं एकेका खाचंत कुंकू भरलेलं. त्या भंगारवाल्यानं केलतं अगदी तसं.

"काका," ती म्हणाली, "हे कुंकू कवा भरलंसा?"

"कुठलं कुंकू? मी न्हाय भरलं."

"तळाला हाय त्ये."

"मला काय ठाऊक? मला धड दिसतंय कुठं."

संयोगिताचा तोल गेला. सालभर जे पोटात साठलतं त्ये बाहेर आलं. "काका, मी भंगारवाल्याकडनं फसलो, त्याचं एवढं वाईट वाटलं न्हाय. त्यो परका. तुमी तर माझ्या बाच्या ताटात जेवलेलं! माझी खूण तुमाला कुठनं तरी कळली असणार. म्हणूनच तळासकट भरलंसा, व्हय? लोकं मला चोर म्हणत्यात, आन् चोरी तुमच्या घरात हुतीया!"

पिराजी उठायला बघत हुता, गुडघ्यानं उठू दिलं न्हाय. बसल्या जागीच वरडला, "माझ्या दारात यिऊन, माझी बर्फी खाऊन, मलाच चोर म्हणतीस? ऊठ! गणपा असता तर तुला कानफडात दिली असती!"

"बा असता तर आधी तुमाला दिली असती!"

तेवढ्यात चिमणाबाई आतनं आली. हात पिठात. ती काय मोठ्यानं बोलली न्हाय. "अगं, त्ये कुंकू मी भरलंय. ह्यास्नी ठाऊकबी न्हाय. काय चुकलं काय माझं?"

दोघंबी तिच्याकडं वळली.

चिमणाबाई उंबऱ्यावर टेकली. "त्या महापुरात आमाला बोटीत घातलं. नेसत्या लुगड्यानिशी. ह्यो क्यामेरा ऱ्हायला घरातच. परत आलो तर गाळात रुतलेला, झुरळ पडल्यागत उताणा. ह्यांनी त्यो खोलला. मला माझी परात मागितली, आन् परातीत एकेक तुकडा मांडला. रॉकेलात धुतला, पुसला, वाळवला. कितीक महिनं मला भाकरीला परात नव्हती, शेजारणीची आणत हुतो. शेवटाला जोडला. खटका वाजला त्या दिवशी हे रडलं. आन् मी बघतो तर काय, त्याचं कपाळ पांढरं फटक. एवढ्या वर्षांचं कुंकू पाण्यानं नेलेलं. सवाष्णीच्या घरातलं हत्यार, असं बोडकं ठेवू का मी?"

"आन् तळाला, काकू?" संयोगिताचा आवाज आता बारीक झालता.

"तळालाबी ह्यांनी डिसमिस घातलाताच की. जिथं जिथं डिसमिस लागला तिथं तिथं मी काडीनं हळद भरली, वर कुंकू. जखमंला हळद लावत्यात न्हवं? म्हटलं, एवढं पोट फाडून शिवलंय बिचाऱ्याचं, बरं हुईल."

पंखा घरघरत हुता. संयोगितानं तळाच्या एकेका स्क्रूवरनं बोट फिरवलं. ज्या खुणंवर ती क्यामेरा न खोललेला म्हणून सांगायची, तीच खूण हितं प्रत्येक खोललेली जागा दाखवत हुती. एकबी जागा लपवली नव्हती चिमणाबाईनं. हळद लावून उलट दाखवलीती.

पिराजी आता शांत झालता, पण रुसलेला. भितीकडं तोंड करून म्हणाला, "पाण्यातला हाय त्ये मी तुला सांगणारच हुतो. आल्यापासनं त्या क्यामेऱ्याला धा गोष्टी इचारल्यास. झाकण उघडून इचारलंस, बॅटरी मारून इचारलंस. मला इचारलंस का एक तरी? पिराजीकाका, ह्यो पाण्यात गेलता का? एवढंच इचारायचं हुतं."

"आमच्या धंद्यात इकणाऱ्याला इचारत न्हाईत काका. खोटंच सांगतंय."

"मग खरं सांगणाऱ्यानं काय करायचं गं? तोंड शिवून बसायचं?"

बर्फीचा उरलेला तुकडा ताटलीत तसाच हुता, त्यो तिनं तोंडात टाकला, म्हंजे बोलाय नको.

मग तिनं नीट बसून, मांडी घालून इचारलं. पहिल्यापासनं. आन् पिराजीनं सांगितलं, पोरीच्या बाला नवऱ्या मुलाची माहिती द्यावी तसं, गुण कमी आन् खोड्याच जास्ती. उजेडात पयला नंबर. पण आत एक स्प्रिंग हाय, तिला गंज चढलता, ती त्यानं घासून बसवली, नवीन मिळाली न्हाय. म्हणून सावकाश खटका, कमी उजेडात जास्ती येळ उघडा ऱ्हाणारा, त्यो अडखळतोय. सांजच्याला, अंधारात, भरवसा धरायचा न्हाय. थंडीत पयला खटका वाया घालवायचा, मग दुसऱ्यापासनं चालतोय. "माझ्यागतच हाय. सकाळी उठल्या उठल्या बोलवलं तर ओ देत न्हाय."

"मग इकताय कशाला काका?"

"पडून ऱ्हायला तर आखडून मरंल की. एक हाटेलवाला आलता, त्याला भितीवर टांगायला पायजे हुता, बैलाच्या शिंगांशेजारी. हाकलून लावला त्याला. रीळ फिरवणारा हात पायजे ह्याला. आन् तू माझ्या शब्दावर घिऊ नकोस. रीळ घाल, धार काढून बघ."

संयोगितानं त्यो क्यामेरा कोल्हापूरला आणला. ह्या टायमाला घाई केली न्हाय. दुपारी पंचगंगेच्या घाटावर गेली, धुणं धुणाऱ्या बायकांचं फोटू काढलं. उन्हं कलल्यावर रंकाळ्यावर गेली, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींचं काढलं. अंधार पडाय लागल्यावर पेठंतल्या तालमीम्होरचं काढलं. रीळ घरीच न्हाणीत धुतलं, दाराला गोधडी लावून. दीर बाहेर उभा ऱ्हाऊन म्हणतोय, "वैनी, आंघूळ करू द्या की मला, नवरी बघाय जायाचंय!"

घाटावरचं फोटू असं आलं की लुगड्याच्या काठाचं धागं मोजावं. आन् रंकाळ्यावरच्या सांजच्या म्हशी? धुक्यात शिरल्यागत. तालमीचा दिवा तर नुसता पांढरा फराटा. म्हाताऱ्यानं सांगितलं त्यात तसूभर फरक नव्हता.

आता तिच्याम्होरं पेच. अक्षतानं बजावून सांगितलतं, पाण्यातला नको. न सांगता दिला असता तरी उजेडात काय कळणार नव्हतं. मामाच्या गावाला पोरगी दिवसाच जाणार. चांगलं फोटू आलं असतं, चांगलं लिवलं असतं, खोली वाचली असती. हे सगळं तिच्या मनात आलं न्हाय असं मी म्हणणार न्हाय. माणूसच हाय ती.

अक्षता आली. संयोगितानं टेबलावर दोन क्यामेरं ठेवलं. वाडीचा आधी म्होरं सरकवला आन् म्हणाली, "ह्यो महापुरात बुडालेला हाय."

अक्षताचा चेहरा उतरला. "ताई, मी काय म्हटलतं?"

"ध्यानात हाय. म्हणूनच आधी सांगितलं. तुला ह्यो घे म्हणत न्हाय. ह्यो दुसरा बघ. पाण्यातला न्हाय असं वाटतंय. खटका बरा, भिंग बरं. एक रीळ काढून बघितलंय."

अक्षतानं दुसरा हातात घेतला. चांगला हुता, चकचकीत. "हा कुणाचा हुता?"

"ठाऊक न्हाय. बाजारातनं आला."

"कोण वापरत हुतं? काय काढायचं?"

"ठाऊक न्हाय बाई."

"आन् ह्यो पाण्यातला?"

मग संयोगितानं सांगितलं. घाट, बोट, गाळ, परात, स्प्रिंग, हळद. धुक्यातल्या म्हशींचा फोटू दाखवला, तालमीचा फराटा दाखवला. अक्षतानं क्यामेरा उलटा केला, तळाचं कुंकू बोटानं चाचपलं. म्हणाली, "त्या काकांशी बोलता येईल का?"

फोन लावला. पिराजी फोनवर असा वरडतोय की दाराबाहेरच्या रिक्षावाल्यानं मान वळवली. "कोण? घेणारी पोरगी? काय काढणार हायस?"

"गावाकडची माणसं काढायची हाईत आजोबा. म्हातारी माणसं."

"घरात बसवून काढणार का बाहेर?"

"बाहेर, अंगणात."

"सांजच्याला?"

"सकाळी काढीन."

"मग घे. घरात, अंधारात काढणार असशील तर नको घिऊ, सांगून ठेवतो! मागनं बोंबलायचं न्हाय! आन् पयला खटका वाया घालवायचा. म्हाताऱ्यास्नी सांगू नकोस वाया घालवला म्हणून, उगंच वाईट वाटतंय त्यास्नी."

अक्षता हसाय लागली. फोन ठेवला. मग चकचकीत क्यामेरा हळूच संयोगिताकडं सरकवला. "ह्याच्यात काय हाय त्ये कुणालाच ठाऊक न्हाय. ह्याचं मला सगळं ठाऊक झालंय. ह्योच द्या."

महिन्याभरात ती परत आली फोटूंचं पाकीट घिऊन. दारातल्या उन्हात बसलेली म्हातारी माणसं, एकेक सुरकुती वेगळी. तिनंबी मोबाईलवर लिवलं. लई गोड न्हाय लिवलं, खरं तेवढंच लिवलं, की बाईनं पाण्यातला क्यामेरा दाखवला, पाण्यातला म्हणून सांगितला, आन् जुन्या मालकानं अंधारात काढणार असशील तर घिऊ नको म्हणून दम दिला. लोकांस्नी ती दमाचीच गोष्ट जास्ती आवडली. त्या पुण्याच्या पोराचा फोन आला. संयोगितानं त्याला आधी हेच सांगितलं, "कुंकवावर गेलो मी, धार काढली न्हाय. माझीच चूक." त्यो म्हणाला, दुसरा क्यामेरा बघाय येतो, पण आधी त्याच्या जुन्या मालकाशी बोलीन.

तवापासनं तिनं नेमच केलाय. स्क्रू बघती, खटका ऐकती, रीळ घालती, त्ये सगळं हायच. पण त्याच्या आधी मालकाम्होरं मांडी घालून इचारती, ह्याचं दुखणं काय? आन् घेणाऱ्याची न् त्याची फोनवर गाठ घालून देती. मालकच ठाऊक नसला तर तसं तोंडावर सांगती, ह्याचा बाप ठाऊक न्हाय, पटलं तर घ्या. पृथ्वीराजचं दुकान शेवटी गंगावेशीत निघालं. लगीनबी ठरलंय. फोटू काढायला वैनीलाच सांगितलंय, वर म्हणतोय, "वाडीच्या म्हाताऱ्यालाच बोलवा की, म्हंजे नवरीतलीबी खोट आधीच सांगंल."

खंडेनवमीला संयोगिता पाटावर क्यामेरं मांडत हुती, तवा चिमणाबाईचा फोन आला.

"आमच्या क्यामेऱ्याला कुंकू लावलं का त्या पोरीनं?"

"लावलंय काकू. पाटावर ठेवून माळबी घातलीया. फोटू पाठवलाय तिनं मला."

"कपाळाला?"

"व्हय, कपाळाला."

"आन् तळाला?"

"तळाला लावू नको म्हणून मीच सांगितलंय."

"का गं? जखम बरी झाली का?"

संयोगिता भितीवरच्या बापाच्या फोटूकडं बघून म्हणाली, "न्हाय काकू, जखम तशीच हाय. पण आता ती पोरीला ठाऊक हाय की, येगळी खूण कशाला?"